युझूचं सॉर्बे दुसऱ्या दिवशी दगड होतं आणि कडू लागतं, ते का?

आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल. ज्या दिवशी सॉर्बे करता त्या दिवशी सगळं छान असतं. आइस्क्रीमच्या मशीनमधून निघतं तेव्हा मऊ, फिकट पिवळं, चमच्याने अलगद उचललं जाणारं. तोंडात घातलं की युझूचा, म्हणजे लिंबाच्या कुळातल्या त्या जपानी फळाचा, लिंबू आणि संत्र्याच्या मधला, थोडा फुलांकडे झुकणारा वास. डबा फ्रीजरमध्ये जातो. दुसऱ्या दिवशी पाहुणे येतात, तुम्ही डबा उघडता आणि चमचा आत शिरत नाही. खरवडून काढावं तर बर्फाचे कण दाताखाली येतात, वास गेलेला असतो आणि घशाशी कडवटपणा रेंगाळतो. पुढच्या वेळी तुम्ही साखर चिमूटभर वाढवता, नाहीतर दुसऱ्या दुकानातून फळं आणता. तरी पुन्हा तेच.

मी जपानमधल्या शिकोकू बेटावरच्या कोची प्रांतात राहते. (केरळातलं कोची वेगळं, नाव तेवढं सारखं.) जपानमध्ये पिकणाऱ्या युझूपैकी साधारण निम्मं एकट्या या प्रांतात पिकतं. नोव्हेंबर लागला की इथल्या रविवारच्या बाजारात पिशव्याच्या पिशव्या युझू येतं. एवढं फळ हाताशी असूनही पहिले दोन हिवाळे माझं प्रत्येक सॉर्बे वर सांगितलं तसंच बिघडलं. तिसऱ्या वर्षी वही घालून, प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलून केलं, तेव्हा गुंता सुटला. हे एक दुखणं नाही, तीन आहेत. दगड होणं साखरेच्या हिशोबातून येतं, कडूपणा फळ हाताळण्यातून, आणि वास जातो उष्णतेने. तिन्ही एकाच डब्यात एकाच दिवशी दिसतात, म्हणून आपण एकाचं औषध दुसऱ्याला देत राहतो.

दगड का होतो

सॉर्बेत दूध नाही, साय नाही, अंडं नाही. पाणी, साखर, रस, बस्स. मऊपणा आणणारं दुसरं काही नसल्यामुळे सगळा भार साखरेवर येतो. साखर इथे गोडीसाठी असतेच, पण त्याहून महत्त्वाचं काम करते: पाण्याला पूर्ण गोठू देत नाही. मिश्रण गार होऊ लागलं की आधी निव्वळ पाण्याचे बर्फकण बनतात. उरलेल्या पाण्यात साखर अधिकाधिक दाट होत जाते आणि त्या दाट पाकाला गोठायला आणखी थंडी लागते. घरगुती फ्रीजरच्या उणे १८ अंशांना नीट जमलेल्या सॉर्बेतलं साधारण पाऊण पाणी बर्फ झालेलं असतं, बाकी पाव पाणी पाक होऊन कणांच्या मधे राहतं. चमचा आत शिरतो तो या पाकामुळे. साखर कमी पडली की पाक उरतो थोडा, बर्फकण एकमेकांना चिकटतात आणि डब्यात वीट तयार होते.

मग मशीनमधून निघताना ते मऊ का असतं? कारण त्या वेळी ते उणे ५-६ अंशांच्याच आसपास असतं. खरी परीक्षा रात्रभर फ्रीजरमध्ये राहिल्यावर होते, म्हणून पहिल्या दिवसाच्या मऊपणावर विश्वास ठेवू नका.

साखर कमी का पडते, याचं कारण माझ्या बाबतीत तरी जीभ होतं. युझूचा रस लिंबाइतकाच आंबट, पण रस काढावा तर एका फळातून जेमतेम एक मोठा चमचा निघतो, बाकी सगळी साल आणि बिया. इतका मोलाचा रस म्हणून आपण तो पाण्याने बराच वाढवतो. मिश्रण पातळ झालं की आंबटपणा कमी होतो, थोड्याच साखरेत ते सरबतासारखं गोड लागतं, आणि आपण हात आखडता घेतो. सरबत प्यायला बरोबर असतं, गोठवायला नाही. शिवाय थंडीत जिभेला गोडी कमी जाणवते. तेव्हा खोलीच्या तापमानाला सॉर्बेचं मिश्रण जरा जास्तच गोड लागायला हवं. चव बघून साखर घालायची सवय सोडा, वजनकाटा घ्या. वाट्या-चमच्यांच्या मापाने हे जमत नाही, कारण कोरडी दाणेदार साखर आणि इथली रोजच्या वापरातली ओलसर ‘जोहाकुतो’ साखर एकाच वाटीत वेगवेगळ्या वजनाची बसते.

नुसती साखर वाढवून मऊपणा आणायला गेलं तर गोडी हाताबाहेर जाते. इथे ग्लुकोज मदतीला येतं. ग्लुकोजचा रेणू साखरेच्या रेणूपेक्षा लहान, त्यामुळे त्याच वजनात जवळजवळ दुप्पट रेणू मिळतात आणि पाणी गोठण्याला जवळजवळ दुप्पट अडथळा होतो. गोडी मात्र साखरेच्या पाऊणपटीहूनही कमी. जपानमध्ये ते ‘बुदोतो’ नावाने मिळतं, शब्दशः द्राक्षसाखर. पिशवीवर भुकटी लिहिलेलं घ्या, ढेकळं नकोत. आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळणारी बिनचवीची ग्लुकोज पावडर चालते. संत्र्याच्या किंवा लिंबाच्या चवीची चुकूनही नको.

एक किलो मिश्रणाचं माझं माप असं: साखर २१० ग्रॅम, ग्लुकोज ६० ग्रॅम, पाणी ५६० ग्रॅम, गाळलेला युझूचा रस १७० ग्रॅम. वर चिमूटभर मीठ आणि तीन फळांची वरची पिवळी साल. १७० ग्रॅम रसाला मला दहा-अकरा फळं लागतात. हाताशी शर्करामापक असेल तर त्यावर २७ ते २९ टक्के दिसायला हवं. नसेल तर जुनी युक्ती: स्वच्छ धुतलेलं ताजं अंडं कवचासकट मिश्रणात सोडा. वर तरंगून रुपयाच्या नाण्याएवढा भाग उघडा राहिला तर साखर ठीक. अंडं जुनं असेल तर आतली हवा वाढलेली असते आणि ते उगाच जास्त तरंगतं. म्हणून मी ही युक्ती वजनाची फेरतपासणी म्हणूनच वापरते.

आणखी एक चोरवाट आहे, ती मला फार उशिरा दिसली. पाक उकळताना पाणी उडून जातं. रुंद पातेल्यात पाच मिनिटांत ४०-५० ग्रॅम पाणी सहज जातं आणि मोजलेलं प्रमाण बदलतं. एकदा मऊ, एकदा घट्ट, असा लहरी निकाल येत असेल तर आधी हेच तपासा. रिकाम्या पातेल्याचं वजन लिहून ठेवा, उकळून झाल्यावर पुन्हा वजन करा आणि गेलेलं पाणी परत घाला.

कडूपणा

यावर मी सर्वांत जास्त फळं घालवली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताजा रस चाखला तर कडू नसतो. म्हणूनच संशय रसावर जात नाही. पण संत्र्या-लिंबांच्या कुळातल्या फळांत एक गंमत असते. फोडींच्या पडद्यांत आणि बियांत एक द्रव्य असतं, जे स्वतः कडू नाही. फळ चिरडलं गेलं आणि ते आंबट रसात मिसळलं की काही तासांत त्याचं रूपांतर लिमोनिन नावाच्या अतिशय कडू द्रव्यात होतं. गरम केलं तर ते आणखी लवकर होतं. दहा लाख भागांत पाच-सहा भाग असलं तरी जिभेला कळतं. तेव्हा संध्याकाळी गोड वाटलेला रस सकाळी कडू होतो तो नासल्यामुळे नव्हे.

युझूत हा धोका जास्त, कारण एका फळात बिया वीस-तीस असू शकतात, मोठाल्या, रसापेक्षा जास्त जागा अडवणाऱ्या. पहिल्या वर्षी मी अर्धी फळं तशीच मिक्सरला लावून गाळून घेतली होती. लिंबाचं सरबत असं करतात म्हणून. बिया तुटल्या आणि अख्खा घाणा गेला.

आता असं करते. फळ आडवं कापायचं. गाळणीवर धरून हाताने हलकेच दाबायचं, पिळा द्यायचा नाही. दाते असलेल्या लिंबूपिळणीवर गरगर फिरवलं की पडदे फाटतात, म्हणून ती नाही. शेवटचा थेंब सोडून द्यायचा, तोच सर्वांत कडू. बिया गाळणीत राहतात, त्या लगेच बाजूला काढायच्या, रसात तरंगत ठेवायच्या नाहीत. रस काढला की तासाभरात वापरायचा, नाहीतर बर्फाच्या ट्रेमध्ये घालून गोठवून टाकायचा. फ्रीजमध्ये बरणीत रात्रभर नाही.

शेजारच्या आजी या बिया पाण्यात भिजत घालतात. रात्रभरात पाणी इसबगोलासारखं बुळबुळीत होतं, ते पेक्टिन. त्यांच्या युझू मार्मालेडला त्यामुळे सुंदर घट्टपणा येतो. सॉर्बेतही हे पाणी घालावं, बर्फकण बारीक राहतील, असं मला वाटलं आणि मी घालून पाहिलं. पोत खरोखर सुधारला, पण बियांचा कडवटपणा उतरला. मार्मालेडला तो शोभतो, सॉर्बेला नाही.

दुसरा कडूपणा सालीखालच्या पांढऱ्या पापुद्र्याचा. युझूची साल खडबडीत, फुगीर, खळगे असलेली. किसणी उंचवट्यावर खोल जाते आणि पांढरं निघतं, खळग्यात पिवळं तसंच राहतं. बारीक दात्यांची किसणी घ्या, फळ फिरवत राहा आणि एका जागी एकदाच घासा. खळग्यांतलं पिवळं सोडून द्या. तीन फळांची अर्धवट साल दोन फळांच्या ओरबाडलेल्या सालीपेक्षा केव्हाही चांगली.

चिमूटभर मिठाचं कारणही हेच. मीठ जिभेला कडूपणा कमी जाणवू देतं. किलोला अर्धा ग्रॅम पुरे, खारट लागता कामा नये.

वास कुठे जातो

युझूचा वास रसात थोडा, सालीत फार. तो सालीतल्या तेलात असतो, ते तेल पाण्यात नीट मिसळत नाही आणि उष्णतेने उडून जातं. त्यामुळे साल पाकात उकळली की स्वयंपाकघर दरवळतं आणि डबा कोरा राहतो. घरात जितका घमघमाट, तितका तो तुमच्या सॉर्बेतून गेलेला असतो.

उपाय साधा आहे. किसलेली साल मोजलेल्या साखरेत घालून बोटांनी चोळायची, वाळूत ओलावा शिरावा तशी साखर ओलसर आणि पिवळी होईपर्यंत. झाकून तासभर ठेवायची. साखरेचे दाणे सालीच्या पेशी फोडतात आणि तेल धरून ठेवतात. ही साखर गरम पाण्यात घालायची नाही, कोमट पाण्यात विरघळवायची. मग गाळून साल काढून टाकायची. साल मिश्रणातच राहू दिली तर दोन दिवसांत तिचाही कडवटपणा उतरतो.

रस तर अजिबात तापवायचा नाही. तो सगळ्यात शेवटी, सगळं गार झाल्यावर.

फळ कोणतं, यावरही थोडं अवलंबून आहे. ऑगस्टपासून बाजारात हिरवं युझू दिसतं. त्याची साल तिखट-ताजी, पण रस नगण्य. सॉर्बेला नोव्हेंबर-डिसेंबरचं पिवळं घ्या. सालीवर काळे ठिपके असलेली फळं स्वस्त असतात, रसाला उत्तम. प्रांताच्या पूर्वेकडच्या डोंगरांत हजाराहून कमी वस्तीचं उमाजी गाव आहे. तिथली दिसायला राकट फळं बाजारात मागे पडत, म्हणून गावाने रस काढून विकायला सुरुवात केली आणि त्यावर नाव कमावलं. सालीसाठी मात्र दोन-तीन स्वच्छ फळं वेगळी निवडा.

बाटलीतला रस वापरत असाल तर

पुण्याहून मावसबहिणीचा फोन आला. तिला कोणीतरी जपानहून युझूच्या रसाची बाटली आणून दिली होती. “ताई, दुसऱ्या दिवशीसुद्धा गोठलंच नाही गं, नुसता चिखल झालाय. आणि चव विचित्र आहे, काहीतरी खारट.” मी तिला बाटलीचा फोटो पाठवायला सांगितला. तिच्याकडे ‘युझु-सु’ होतं. कोचीत युझूचा रस व्हिनेगरसारखा वापरतात. इथल्या गावाकडच्या सुशीच्या भातात, ‘इनाका-झुशी’त, तांदळाच्या व्हिनेगरऐवजी हाच आंबटपणा असतो. असा स्वयंपाकाचा रस टिकावा म्हणून काही बाटल्यांत मीठ घातलेलं असतं. मीठ पाण्याचं गोठणं साखरेपेक्षा कितीतरी जास्त रोखतं, म्हणून चिखल. बाटलीवर घटक वाचा: नुसता युझूचा रस लिहिलेलं हवं. मीठ, सोया सॉस, साखर काहीही असेल तर ती बाटली सॉर्बेची नाही. कोरियाहून येणारा युझूचा गोड मुरंबाही चहासाठी असतो. त्यात साखर किती ते हिशोबात धरता येत नाही, म्हणून मी तो वापरत नाही.

शुद्ध रसाच्या बाटलीत सालीचा वास कमीच असतो. मावसबहिणीला मी लिंबाची साल वापरायला सांगितली. वास युझूचा येत नाही, पण पोकळी भरते. तिने ईडलिंबूही करून पाहिलं, साल तशीच खडबडीत म्हणून. तिला आवडलं. ते ईडलिंबाचं सॉर्बे झालं, आणि त्यात काही वावगं नाही. माप तेच चालतं, आंबटपणा पाहून रस थोडा कमी-जास्त करायचा.

बर्फाचे खडे

साखर बरोबर असूनही चार-पाच दिवसांनी सॉर्बे खरखरीत होत असेल तर दोष फ्रीजरचा. दार उघडलं की, आणि आपोआप बर्फ काढणाऱ्या फ्रीजरमध्ये तर अधूनमधून, आतलं तापमान थोडं चढतं. बारीक कण वितळतात आणि परत गोठताना मोठ्या कणांना जाऊन चिकटतात. डबा दाराजवळ नको, तळाशी मागे ठेवा. सॉर्बेच्या पृष्ठभागाला टेकेल असा प्लास्टिकचा कागद लावा आणि वर झाकण. डबा लहान आणि उथळ घ्या.

कण बारीक ठेवायला मी ‘कान्तेन’ची भुकटी वापरते, म्हणजे आपलं चायनाग्रास. समुद्रशेवाळापासून बनतं, त्यामुळे शाकाहारी घरातही चालतं. किलोला १ ग्रॅम. ते नीट उकळलं नाही तर विरघळतच नाही, आणि आंबटात उकळलं तर त्याचा जोर जातो. म्हणून नुसत्या पाण्यात, रसाशिवाय, दोन मिनिटं खळखळून. गार झाल्यावर मिश्रण पातळ जेलीसारखं दिसेल, घाबरू नका, हातमिक्सरने घुसळलं की सुटतं.

सगळा क्रम एकदा सांगते. पाण्यात कान्तेन उकळा, ग्लुकोज आणि मीठ घाला, उडालेलं पाणी भरून काढा. ४५-५० अंशांपर्यंत, म्हणजे बोट जेमतेम क्षणभर ठेवता येईल इतकं, निवू द्या. त्याहून जास्त थांबलात तर कान्तेन धरू लागतं. सालीची साखर विरघळवा, गाळा, फ्रीजमध्ये पूर्ण गार करा. घुसळा, रस घाला, पुन्हा एकदा घुसळा आणि लगेच मशीनमध्ये. मिश्रण ४-५ अंशांवर असावं. मशीनचं भांडं आधी गोठवून वापरायचं असेल तर ते पुरे २४ तास फ्रीजरमध्ये राहिलेलं हवं. हलवून बघा, आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला तर अजून तयार नाही. मशीन नसेल तर मिश्रण झिपच्या पिशवीत सपाट गोठवा, तुकडे करून फूड प्रोसेसरमधून मऊ होईपर्यंत फिरवा आणि परत गोठवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा फिरवलं तर मशीनच्या अगदी जवळ जातं.

साके किंवा शोचू ही जपानी मद्यं घालून मऊपणा आणायचा सल्ला सर्रास दिला जातो. किलोला २० ग्रॅमपर्यंत ठीक, पण तो साखरेच्या चुकीवरचा उपाय नव्हे. जास्त झालं की सॉर्बे धड बसत नाही आणि युझूच्या वासाला मद्याचा वास झाकतो. मी घालत नाही.

आधीच बिघडलेला डबा

एकदा मी एक दगड झालेला डबा टाकून द्यायला निघाले होते. शेजारच्या आजींनी थांबवलं आणि इथली एक म्हण ऐकवली: पीच आणि चेस्टनटला तीन वर्षं, पर्सिमनला आठ, आणि वेड्या युझूला अठरा. बी पेरून लावलेल्या झाडाला फळ धरायला इतकी वर्षं लागतात म्हणे. तेव्हापासून मी काहीच टाकत नाही.

दगड झालेलं सॉर्बे फ्रीजमध्ये ठेवून पूर्ण वितळू द्या, वजन करा. किलोला ४० ते ५० ग्रॅम ग्लुकोज घाला आणि विरघळेपर्यंत ढवळा. आंबटपणा मंदावला असेल तर थोडा ताजा रस, मग पुन्हा मशीनमध्ये. चिखल झालेलं असेल तर उलट: ५०-६० ग्रॅम पाणी आणि थोडा रस. मीठ असलेल्या बाटलीचं मात्र सुधारत नाही.

कडू झालेल्यातून कडूपणा काढता येत नाही. ते वितळवून गाळा, बाटलीत भरा आणि सोड्यात घालून प्या. बुडबुड्यांच्या पाण्यात तो कडवटपणा बरा लागतो. माझ्या फ्रीजरमध्ये आत्ताही असा एक चुकलेला घाणा आहे, गेल्या डिसेंबरातला, बाटलीऐवजी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवलेला. चार खडे एका पेल्याला.

आणि वाढताना: डबा फ्रीजरमधून काढून १५ मिनिटं खालच्या फ्रीजमध्ये ठेवा, बाहेर ओट्यावर नाही. ओट्यावर कडा वितळतात आणि मधला भाग तसाच कडक राहतो.